यूकेत टीचिंग असिस्टंटचं सर्टिफिकेट करावं का? घातलेले पैसे निघतात का?

चिंचेचं पान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही मिल्टन कीन्सला असतो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट. मोठा सहा वर्षांचा, इयर टूमध्ये. धाकटी नुकतीच दोन पूर्ण झाली. माझं बी.एस्सी. केमिस्ट्री आणि बी.एड. सांगलीला सेमी-इंग्रजी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होते. इथे आल्यापासून घरीच आहे आणि आता घर खायला उठतंय.

मोठ्याच्या शाळेने टीएची जाहिरात टाकलीय. पगार २४,७९६ पौंड, पुढे बारीक अक्षरांत 'एफटीई, टर्म टाइम ओन्ली' (आकडा पूर्णवेळ नोकरीचा, काम फक्त शाळेच्या आठवड्यांत). अनुभव किंवा लेव्हल टू (टीएचा सुरुवातीचा कोर्स) असेल तर उत्तम, असंही लिहिलंय. म्हणून एका ऑनलाइन संस्थेला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. लेव्हल टू आणि थ्री मिळून पॅकेज ७८० पौंड, हप्ते पाडून देतो, आणि कोर्स झाला की तुमच्यासारख्या शिक्षिकेला पंचवीस हजारांची नोकरी कुठे गेली नाही! त्यानंतर दोन दिवसांत त्यांचे इतके फोन आले की मुलगा विचारायला लागला, आई ही कोण मावशी?

७८० पौंडांचे रुपये केले की पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो, करायचं तर कर, पण आधी हिशेब मांड. तर इथे कुणी टीए आहे का? कोर्स केलाय का? खरा पगार हातात किती येतो? आणि मला बी.एड. असताना हे लेव्हल टू म्हणजे पुन्हा बिगरीत बसण्यासारखं तर नाही ना?

मोगरा

चिंचेचं पान, स्वागत. मी हॅरोला प्रायमरीत टीए आहे, बरीच वर्षं झाली. सगळ्यात आधी: त्या गोड बाईंना अजून एक पेनीही देऊ नका.

इंग्लंडमध्ये टीए व्हायला कायद्याने कुठलंच सर्टिफिकेट लागत नाही. कुणाला घ्यायचं ते शाळा ठरवते. बहुतेक शाळांना इंग्रजी आणि गणित जीसीएसई (इथली दहावी) पातळीचं हवं असतं, आणि मुलांसोबत काम केल्याचा काहीतरी पुरावा. तुमच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि डिग्रीवर यूके एनिककडून (परदेशी शिक्षण इथल्या कशाच्या तोडीचं ते सांगणारी संस्था) तुलनेचं पत्र घ्या, पहिला मुद्दा तिथे निकालात निघतो. दुसऱ्यासाठी शाळेत स्वयंसेवक म्हणून जा. आमच्या शाळेत गेल्या काही वर्षांत लागलेल्या टीएंपैकी निम्म्याहून जास्त जणी आधी तिथल्याच पालक होत्या, मुलांचं वाचन घ्यायला यायच्या. हेडला माणूस डोळ्यासमोर दिसतं, तेव्हा कागद कोण बघतं?

शिवाय खरं लेव्हल टू 'सर्टिफिकेट' पूर्ण करायला शाळेत प्लेसमेंट लागतंच. कुणीतरी तुम्हाला वर्गात काम करताना बघून शेरा लिहावा लागतो. म्हणजे शाळा मिळाल्याशिवाय कोर्स संपत नाही. संस्था हे पैसे भरून झाल्यावर सांगतात. नुसतं घरी बसून होतो तो 'अवॉर्ड'. तो वाईट नाही, पण तो केवळ पुस्तकी आहे. आणि दहा-पंधरा पौंडांत 'टीए डिप्लोमा' म्हणून जे विकतात, त्यांना तर कुणी हिंग लावून विचारत नाही. ऑफक्वालच्या (इंग्लंडमधल्या परीक्षा-कोर्सवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्टरमध्ये कोर्सचा नंबर टाकून बघा. तिथे नसेल तर शाळेच्या लेखी तो कोर्स नाहीच.

जुनाट चष्मा

मी टीए नाही, पण बायको होती आणि माझा धंदा आकड्यांचा. तेव्हा नवरोजींना हवाय तो हिशेब मांडतो.

२४,७९६ हा कौन्सिलच्या राष्ट्रीय वेतनश्रेणीतला पॉइंट ३ आहे, २०२५-२६ चा. तो आठवड्याला ३७ तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे काम करणाऱ्याचा. तासाला पडतात १२.८५ पौंड. २०२५-२६ चं किमान वेतन १२.२१, म्हणजे त्याच्या जेमतेम वर.

आता टीए. साडेआठ ते साडेतीन, मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी बिनपगारी. झाले आठवड्याचे साडेबत्तीस तास. शाळेचे ३९ आठवडे, त्यात हक्काच्या रजेचे मिळून धरा साडेचव्वेचाळीस आठवड्यांचा पगार. गुणाकार केला की येतात साधारण १८,६०० पौंड. हा तुमचा खरा वार्षिक पगार. तो बारा समान हप्त्यांत देतात, म्हणून ऑगस्टमध्येही खात्यात काहीतरी पडतं आणि लोकांना वाटतं सुट्टीचा पगार मिळतोय. तुमचेच पैसे असतात ते, पसरून दिलेले.

त्यातून पेन्शन ५.८ टक्के, १२,५७० च्या वरच्या रकमेवर टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स. हातात महिन्याला १,३३५ च्या आसपास. पेन्शन मात्र सरकारी पद्धतीचं आहे, दर वर्षीच्या पगाराचा एकोणपन्नासावा भाग पुढे आयुष्यभर दरसाल. खाजगी नोकरीत हल्ली असं मिळत नाही, त्यामुळे ते कापलं जातं म्हणून रडू नका.

आता तुमच्या ७८० पौंडांकडे येऊ. समजा लेव्हल थ्री केल्यामुळे तुम्हाला पॉइंट ३ ऐवजी पॉइंट ५ मिळाला. तो आहे २५,५८३. फरक ७८७, पण तोही बावन्न आठवड्यांचा. टीएच्या मापाने वर्षाला ५९० आणि सगळं कापून हातात चारशेच्या आसपास. म्हणजे दोन वर्षांत पैसे वसूल. वाईट नाही की! पण यात एक मोठा 'समजा' आहे, आणि गोड बाई त्याच्याबद्दल बोलणार नाहीत. पॉइंट तुमच्या सर्टिफिकेटला मिळत नाही, शाळेने त्या जागेचं जे कामाचं वर्णन लिहिलंय त्याला मिळतो. लेव्हल थ्री करून पॉइंट ३ च्याच जागेवर बसलात तर पगार पॉइंट ३ चाच. तेव्हा आतबट्ट्याचा व्यवहार.

टिल्लू

काका, हिशेब बरोबर आहे, पण मग एवढ्यासाठी शाळेतच कशाला? सुपरमार्केटमध्ये तासाचा दर याच्याइतकाच आहे, कुठे थोडा जास्त. वर स्टाफ डिस्काउंट. कोर्स नाही, पोर्टफोलिओ नाही, कुणी चावत नाही. माझी बहीण संध्याकाळी सहा ते दहा शेल्फ भरते. नवरा तोवर घरी आलेला असतो, नर्सरीचा छदामही खर्च नाही. ताईंची धाकटी दोन वर्षांची आहे. टीएची नोकरी दिवसा. पोरीला कुठे ठेवणार?

मोगरा

टिल्लू, चावण्याचा मुद्दा मान्य, रिसेप्शनमध्ये (इथला चार-पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग) एकदा चावून घेतलंय. 😄 पण सहा ते दहा म्हणजे मुलांचं जेवण, आंघोळ, गोष्ट सगळं नवऱ्यावर, आणि नवरा-बायकोची भेट थेट रविवारी. आणि वर्षाच्या तेरा आठवडे शाळा बंद, त्यात मोठ्याचं काय? हॉलिडे क्लबचे पैसे बघितलेत का? टीएला मुलांच्याच सुट्ट्या असतात. ती बचत पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही, पण असते.

जुनाट चष्मा

टिल्लूने नर्सरीचा प्रश्न काढला ते बरं केलं. तो मीच काढायला हवा होता, कारण खरी गोम तिथे आहे.

सरकारची ३० तास मोफत नर्सरीची योजना सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून लागू झाली. सगळ्यांना वाटतं आपल्यालाही मिळेल. पण आई-वडिलांपैकी किमान एकाला तरी सरकारी मदतीचा हक्क असावा लागतो: नागरिक, सेटल्ड (कायम राहण्याची परवानगी असलेले), नाहीतर व्हिसावर तशी मुभा. स्किल्ड वर्कर आणि डिपेंडंट दोघांच्याही व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत नाही, असं असतं. म्हणजे तीस तास नाहीत, आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर खातंही नाही. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर पुढच्या टर्मपासून १५ तास मात्र सगळ्या मुलांना मिळतात. त्याला व्हिसा आड येत नाही.

आमच्या भागात नर्सरीचा दिवस ६५ पौंडांच्या खाली नाही. पाच दिवस, फक्त शाळेचे ३९ आठवडे धरले तरी १२,६७५. त्यातही बऱ्याच नर्सऱ्या वर्षभराचे घेतात. तुमच्या हातात वर्षाला येणार १६,००० च्या आसपास. उरले तीन-साडेतीन हजार. आता त्यातून ७८० वजा करा.

नोकरी करू नका असं मी म्हणत नाही. आज आणि धाकटी तीन वर्षांची झाल्यावर यात किती फरक पडतो, तेवढं बघा.

चिंचेचं पान

बाप रे. तीस तासांचं मला माहीतच नव्हतं. मी तर ते धरूनच चालले होते. शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं 'यू गेट थर्टी आवर्स, लव्ह'. त्या इथल्याच, त्यांना मिळतात.

संध्याकाळची पाळी नको वाटते, टिल्लू. काम हलकं समजते असं नाही. पण मला वर्गात परत जायचंय, हे लिहिता लिहिता कळतंय.

दुपारचा चहा

मी लेस्टरला. विशेष गरजांच्या मुलांसोबत टीए आहे, आधी एजन्सीतून होते, आता शाळेची. थोडं उलट सुलट लिहिते, मोबाइलवरून.

एजन्सी लगेच काम देते हे खरं. मला फोन आला आणि आठवडाभरात वर्गात उभी होते. दिवसाला ऐंशी-नव्वद पौंड सांगतात, पण त्यात रजेचा पगार मिसळलेला आहे का ते विचारा. 'अंब्रेला कंपनी'तून (मध्ये राहून पगार वाटणारी कंपनी) पगार देत असतील तर मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्सही त्याच आकड्यातून कापला जातो. माझ्या पहिल्या पगाराची चिठ्ठी मी आणि नवरा दोघं मिळून वाचत बसलो होतो. बारा आठवडे एकाच शाळेत झाले की शाळेच्या कायम टीएइतका दर द्यावा लागतो, कायदा आहे. अकराव्या आठवड्यात शाळा बदलते असंही होतं, मग मी काय सांगू. आणि शाळेला तुम्हाला कायम घ्यायचं असेल तर एजन्सी शाळेकडे फी मागते. काही शाळा त्यालाच घाबरतात.

वन-टू-वनच्या जागांबद्दलही सांगते. इंग्लंडमध्ये ईएचसी प्लॅन (विशेष गरजांच्या मुलाला काय मदत द्यायची त्याचा सरकारी आराखडा) असलेली मुलं आता सहा लाखांच्या वर गेलीत, त्यामुळे या जागा भरपूर निघतात. पण तुमची नोकरी त्या एका मुलाच्या प्लॅनला बांधलेली असते. मूल दुसऱ्या शाळेत गेलं की करार संपला. जाहिरातीत 'फिक्स्ड टर्म' किंवा 'फंडिंग असेपर्यंत' हे शब्द शोधा.

कोर्सबद्दल: मी लेव्हल थ्री नोकरी लागल्यावर केला, अर्धे पैसे शाळेने दिले. मुलाखतीत कुणी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं. चार मुलांचा गट देऊन पुस्तक वाचून घ्यायला सांगितलं आणि हेड कोपऱ्यात बसल्या. नंतर विचारलं, एखादं मूल म्हणालं 'तुला गुपित सांगते, कुणाला सांगू नकोस', तर काय कराल? 'नाही सांगणार' म्हणालात की खेळ खल्लास. गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, मुलाचं शांतपणे ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि शाळेच्या सेफगार्डिंग लीडला (मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली व्यक्ती) लगेच सांगायचं. हा प्रश्न सगळीकडे विचारतात, पाठ करून जा.

मोगरा

दुपारचा चहा, अगदी अगदी. आणि फॉनिक्स! चिंचेचं पान, प्रायमरीत जाणार असाल तर इंग्रजीच्या भीतीबद्दल एक सांगते, कारण तुम्ही लिहिलं नाहीत तरी ती असणार.

इथे मुलांना अक्षराचं नाव शिकवत नाहीत, आवाज शिकवतात. आणि तो तोडून म्हणायचा असतो. 'एम'चा आवाज ओठ मिटून नुसता म्म्म्. त्याला 'म' म्हटलं तर पुढे 'मॅट' जोडताना मुलाचं 'म-अॅ-ट' होतं आणि गाडी अडते. आमच्या नव्या टीएंना हे समजवायला शिक्षिकेला तासन्तास लागतात, कारण इंग्रजांच्याही तोंडी 'मअ', 'टअ' असंच येतं. मी पहिल्याच दिवशी पाय मोडून म्हटलं. म्, ट्, स्. शिक्षिका वळून बघायलाच लागली, तू ट्रेनिंग कुठे घेतलंस? म्हटलं, पहिलीत. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ने मात्र आजही छळलंय. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' म्हणताना आरशासमोर ओठ बघायचे.

बाकी कामात वाचन घेणं आणि वह्या असतात, तसंच कोट चढवणं, शी-शू, नाकं पुसणं आणि नोव्हेंबरच्या पावसात मैदानावर शिट्टी घेऊन उभं राहणंही असतं. दहावीला विज्ञान शिकवलेल्या माणसाला पहिले काही आठवडे हे अंगावर येतं. ते आधी बघून घ्या, म्हणूनच स्वयंसेवक म्हणून जा म्हणते.

केतकीचं बन

नमस्कार, मी पुण्यातून लिहितेय. इथे एक कन्सल्टंट यूकेचा टीए लेव्हल थ्री आणि 'व्हिसा असिस्टन्स' मिळून साडेतीन लाख मागतोय. त्यावर यूकेला जाता येतं का? मी बालवाडी शिक्षिका आहे, माँटेसरी कोर्स झालाय.

जुनाट चष्मा

नाही. नाही. आणि नाही.

स्किल्ड वर्करसाठी २२ जुलै २०२५ पासून काम पदवी-पातळीचं असावं लागतं. टीए त्यात बसत नाही. शाळा तुम्हाला स्पॉन्सर करूच शकत नाही, मग लेव्हल थ्री असो की तेरा. इथे टीए होतात ते आधीच इथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क असलेले: नागरिक, सेटल्ड, डिपेंडंट वगैरे. साडेतीन लाख बँकेत ठेवा. कन्सल्टंटला विचारा, कुठल्या ऑक्युपेशन कोडवर (व्हिसासाठी कामाला दिलेला सरकारी क्रमांक) स्पॉन्सरशिप देणार? फोन ठेवेल.

न्यूजर्सीकर

धागा यूकेचा आहे, तरी थोडी लुडबुड. इकडे अमेरिकेत याला पॅराप्रोफेशनल म्हणतात, पोरं नुसतं 'पॅरा'. टायटल वन (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा केंद्राचा) निधी मिळणाऱ्या शाळेत केंद्राचा नियम असा की कॉलेजची दोन वर्षं, किंवा असोसिएट डिग्री, किंवा परीक्षा पास. परीक्षा म्हणजे बहुतेक ठिकाणी पॅराप्रो: ९० प्रश्न, अडीच तास, वाचन-लेखन-गणित. आपल्या बायका धडाधड परीक्षेला बसतात. पण भारतातली तीन वर्षांची बी.कॉम. असली तरी इव्हॅल्युएशन करून 'दोन वर्षं कॉलेज' सहज भरतात. परीक्षेची गरजच नाही! एच-फोरवाल्यांना (इकडचे डिपेंडंट) ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, हातात असल्याशिवाय काहीच करता येत नाही, आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाच्या अर्जावर आपोआप मिळणारी मुदतवाढही बंद झालीय. सप्टेंबरात शाळा धरायची आणि जानेवारीत कार्ड संपायचं, असं झालेल्या दोघी माझ्या ओळखीत आहेत. पगाराचं रडगाणं तेच. तिकडे पौंड, इकडे डॉलर.

गणिताचा तास

उशिरा आलो. सगळं वाचलं आणि एका गोष्टीने अस्वस्थ झालो. धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की त्यांना बी.एस्सी. केमिस्ट्री, बी.एड. आणि माध्यमिक विज्ञान शिकवल्याचा अनुभव आहे. आणि आपण सगळे पॉइंट ३ की पॉइंट ५ यावर डोकं फोडतोय?

मी इथे सेकंडरीत गणित शिकवतो, शिक्षण मुंबईचं. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने भारतातल्या शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी (क्वालिफाइड टीचर स्टेटस, म्हणजे इथली पात्र शिक्षक म्हणून मान्यता) अर्ज करायला परवानगी दिलीय. भारतीयांसाठी अट अशी की गणित, विज्ञान किंवा भाषा, आणि ११ ते १६ वयोगटाला शिकवायची पात्रता. बी.एस्सी. केमिस्ट्री, बी.एड. आणि आठवी ते दहावी, म्हणजे ताई त्यात चपखल बसतात. अर्ज सरकारच्या संकेतस्थळावर, फी शून्य. पदवी, बी.एड., किमान एका शालेय वर्षाचा अनुभव, तुमच्या शिकवण्यावर कुठलीही बंदी नाही याचं पत्र, आणि शिक्षण इंग्रजीतून झालं नसेल तर इंग्रजीची परीक्षा. कागद जमवायला घाम निघतो, ते खरं.

इथे पात्र शिक्षकाचा सुरुवातीचा पगार लंडन सोडून ३२,९१६ आहे, २०२५-२६ साठी. तो बारीक अक्षरांतला नाही. शाळा बंद असली तरी पूर्ण वर्षाचाच. टीएच्या खऱ्या १८,६०० शेजारी ठेवून बघा. आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्या शिक्षकांसाठी शाळा अक्षरशः वाट बघत असतात.

क्यूटीएस हातात येईपर्यंतही रस्ता बंद नाही. परदेशात पात्र ठरलेल्या शिक्षकाला चार वर्षांपर्यंत क्यूटीएसशिवाय शिकवता येतं, शाळा तयार असेल तर.

मोगरा

गणिताचा तास, मुद्दा सोन्यासारखा, पण सगळ्यांना सेकंडरीच्या वर्गासमोर उभं राहायचं नसतं हो. इयर नाइनची तीस पोरं, त्यांचे अॅक्सेंट, वर रात्री दहापर्यंत तपासणी. माझ्याकडेही भारतातली डिग्री आहे. मी टीए आहे ती माझ्या मर्जीने. साडेतीनला दप्तर उचलते आणि घरी जाते.

गणिताचा तास

मान्य, मोगराताई. वर्कलोडबद्दल एक अक्षर खोटं नाही. पण रस्ता आहे हे माहीत असून टीए होणं निराळं, आणि रस्ताच माहीत नाही म्हणून होणं निराळं. ती संस्था ताईंची डिग्री ऐकूनही लेव्हल टू विकत होती. त्याचा मला राग आला.

टिल्लू

+१. चावणाऱ्या पोरांपेक्षा ती गोड बाई डेंजर.

दुपारचा चहा

मधला मार्गही आहे ना. सेकंडरी शाळांच्या सायन्स डिपार्टमेंटमध्येही टीए असतात, शिवाय लॅब टेक्निशियन. काही शाळा 'कव्हर सुपरवायझर' घेतात, म्हणजे शिक्षक रजेवर असताना वर्ग सांभाळायचा, धडा आधीच आखून ठेवलेला असतो. पोरांची भाषा आणि इथली शिस्तीची पद्धत तिथे कळते. टीएपेक्षा श्रेणी सहसा वरची.

एचएलटीए म्हणजे वरच्या श्रेणीचे टीए, तेही आहे. पण त्याला हेडचा पाठिंबा आणि वर्गातला अनुभव लागतो, बाहेरून जाऊन करता येत नाही. ज्यांना बी.एड. नाही त्यांच्यासाठी तो जिना चांगला.

रविवारची भाजी

माझा प्रश्न त्या जिन्याबद्दलच. मला बी.एड. नाही, नुसतं बी.ए. मराठी. रेडिंगला असते. मोफत कोर्सच्या जाहिराती दिसतात, 'गव्हर्नमेंट फंडेड टीए लेव्हल टू'. आणि टीएची अॅप्रेंटिसशिप. त्यात डिपेंडंटला घेतात का?

जुनाट चष्मा

इंग्लंडमध्ये सरकारी पैशातून होणाऱ्या प्रौढांच्या कोर्सला आणि अॅप्रेंटिसशिपला तुमच्यासारख्या व्हिसावर साधारणपणे आधीची सलग तीन वर्षं इथे राहिल्याची अट असते. तीन झाली असतील तर कॉलेजच्या अॅडमिशन ऑफिसात जाऊन विचारा, ते कागद बघून सांगतात. नसतील तर थांबा. जे पुढे फुकट मिळू शकतं त्याला आज पाच-सातशे पौंड कशाला? अॅप्रेंटिसशिप लेव्हल थ्री साधारण दीड वर्षाची. पण अॅप्रेंटिसचं किमान वेतन २०२५-२६ मध्ये तासाला ७.५५ होतं. शाळा त्यावर देते की नेहमीच्या टीएचा दर देते, हे सही करण्याआधी विचारा. दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत.

रविवारची भाजी

धन्यवाद काका. पुढच्या उन्हाळ्यात तीन होतील. तोवर लायब्ररीत गोष्टी सांगायला जाते.

चिंचेचं पान

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस धाग्यावर आले नाही, कारण गणिताचा तास यांची पोस्ट वाचून नवरा आणि मी रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसलो होतो.

पॅकेज घेत नाहीये. बाईंना नाही सांगितलं तर म्हणाल्या, आजच्यापुरतं ४५० ला देते. म्हणजे काल ७८० कशाचे होते?

क्यूटीएसचे कागद जमवायला लागते. बी.एड.च्या गुणपत्रिकेवर 'विज्ञान अध्यापन पद्धती' असं स्पष्ट आहे, तेवढं बरं. पण सेकंडरीत उभं राहायचं धैर्य आज नाही हेही खरं. म्हणून मोठ्याच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून विचारलं. मंगळवार-गुरुवार सकाळी या म्हणाले, इयर वनला वाचन घ्यायला. त्या दोन दिवशी नवरा घरून काम करतो आणि दहापर्यंत त्याच्या मीटिंगा नसतात. पुढचा एक तास धाकटी आणि टीव्ही, चालायचंच. ती तीन वर्षांची होईल तेव्हा पंधरा तासांचं बघू.

आता अडलंय ते वेगळंच. शाळेने डीबीएसचा (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) फॉर्म दिलाय, स्वयंसेवकाला फी नाही म्हणाले (कायम नोकरीला ४९.५० पौंड लागतात). त्यात गेल्या पाच वर्षांचे सगळे पत्ते हवेत. सांगलीत आम्ही एक घर बदललं, मग मी काही महिने माहेरी मिरजेला होते. तेही लिहायचं का? आणि दोन रेफरन्स हवेत. आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांचा स्वतःचा जीमेल आहे. चालेल?

दुपारचा चहा

मिरजही लिही गं. एकही महिना रिकामा सोडू नकोस, तारखा एकमेकींना लागून यायला हव्यात. मध्ये खंड दिसला की फॉर्म परत येतो. भारतातल्या काळासाठी शाळा पोलिस क्लिअरन्सही मागेल, त्याला वेळ लागतो, आजच अर्ज कर.

जीमेल बहुतेक चालत नाही. शाळेत आत्ता जे मुख्याध्यापक आहेत त्यांच्याकडून शाळेच्या ईमेलवरून उत्तर यायला हवं. त्यांना आधी फोन करून ठेव, नाहीतर इंग्लंडहून आलेली मेल ते स्पॅम समजून उडवतील. माझ्या वेळी तसंच झालं होतं, शेवटी शाळेच्या क्लार्क काकांना फोन करून मेल उघडायला लावली.

मोगरा

दुसरा रेफरन्स धाकटीच्या प्लेग्रुपवाल्या बाईंचा घे. नातेवाईक किंवा घरची मैत्रीण नको, शाळा ते धरत नाही. आणि मंगळवारी बूट जुने घाल.